वहीतलं नाव खोडून घ्या



शिबिराच्या आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आयटीमध्ये करिअर कसं करावं, यावर मुलांशी बोला." मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला दुसऱ्या गोष्टीवर बोलू द्या. माझ्यावर कर्ज होतं. ते मी मिटवलं. आणि मिटवल्यावर दीड वर्षानं वसुलीवाले माझ्या मागे लागले. त्याबद्दल बोलतो. ते जरा थांबले आणि म्हणाले, "बोला. पण चारचौघांत बोलवेल का?" खरं सांगायचं तर तोच माझा विषय आहे.

मी सोलापूरचा. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागलो, सॉफ्टवेअर लिहितो. आज चौतीस वर्षांचा आहे. दारू नाही, जुगार नाही, शेअर बाजार नाही. कर्ज झालं ते बहिणीच्या लग्नापायी.

जून २०१९. हॉल, दावत, दागिने, सगळं मिळून अब्बांच्या बचतीपेक्षा जास्त झालं. मी एका वित्त कंपनीकडून साडेतीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं. अठरा टक्के व्याज, अठ्ठेचाळीस हप्ते, महिन्याला दहा हजार तीनशेच्या आसपास. मोबाइलवर फॉर्म भरला, दोन दिवसांत पैसे खात्यात. घरी सांगितलं, "ऑफिसातून ॲडव्हान्स मिळाला." कारण सुदाचे पैसे घरात आणतोय म्हटलं असतं तर अब्बांनी दारातून परत पाठवले असते. हे खोटं पहिलं. पुढचा सगळा त्रास या एका वाक्यावर उभा राहिला, म्हणून आधी सांगतो.

पुढे काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरी झालंय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, ती ३१ ऑगस्टपर्यंत होती. हप्ते थांबले, व्याज चालूच राहिलं. दोन हप्ते भरले आणि नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्ट बंद पडला, नोकरी गेली. एप्रिल २०२१ मध्ये अब्बा दवाखान्यात होते. सप्टेंबरमध्ये पुन्हा नोकरी लागली, तोवर कंपनीच्या हिशेबात आकडा फुगत चालला होता. जानेवारी २०२२ मध्ये त्यांची एकूण मागणी होती ३ लाख ८७ हजार.

वसुलीचं काम पाहणाऱ्या माणसानं स्वतःहून सुचवलं, "सेटलमेंट करून टाका." सेटलमेंट म्हणजे तडजोड. कंपनी म्हणते, पूर्ण मिळत नाही ना, मग एवढे द्या आणि बाकीचे आम्ही सोडतो. १ लाख ९० हजारांवर ठरलं. त्यानं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी फेब्रुवारीत ९५ हजार आणि मार्चमध्ये ९५ हजार एनईएफटीनं थेट लोन खात्यात भरले. तो म्हणाला, "नो ड्यूज सर्टिफिकेट पंधरा दिवसांत मेलवर येईल."

ते आलं नाही आणि मी मागितलंही नाही. मला तो विषय गाडून टाकायचा होता. ॲप काढून टाकलं, त्या माणसाशी झालेलं सगळं चॅट डिलीट केलं. त्याच्याबरोबर सेटलमेंटचं पत्रही गेलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली. मी दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाचा बॅकअप घेणारा माणूस, आणि स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात महागाचा कागद स्वतःच्या हातानं पुसला.

ऑगस्ट २०२३. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी फोन. "तुमचे एक लाख सत्त्याण्णव हजार बाकी आहेत. आज भरताय की घरी माणसं पाठवू?" मी म्हटलं, कर्ज मिटलंय. तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

दिवसभर माझ्या डोक्यात तो आकडा फिरत होता. एक लाख सत्त्याण्णवच का? संध्याकाळी लक्षात आलं. ३ लाख ८७ मधून १ लाख ९० वजा करा. कंपनीनं जी रक्कम सोडली होती, तीच रक्कम नवी एजन्सी माझ्याकडे मागत होती.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण ते समजलं की भीती निम्मी होते. सेटलमेंटच्या वेळी कंपनीच्या सिस्टीममध्ये दोन नोंदी व्हायला हव्यात. एक, पैसे जमा झाले. दुसरी, उरलेली रक्कम सोडून दिली. माझ्या बाबतीत पहिली झाली, दुसरी कोणी केलीच नाही. हे मला नंतर कंपनीच्याच उत्तरातून कळलं. मग संगणकाच्या दृष्टीनं माझं खातं चालूच होतं. अशा सिस्टीममध्ये ठरावीक काळानं एक प्रोग्राम चालतो: ज्या खात्यांवर बाकी शून्यापेक्षा जास्त आहे, ती यादीत टाक. मी स्वतः असे प्रोग्राम लिहिलेत, वेगळ्या धंद्यासाठी. ती यादी एक्सेलमध्ये एजन्सीकडे जाते. एजन्सीतल्या मुलासमोर स्क्रीनवर नाव, नंबर आणि रक्कम येते. तुमचं सेटलमेंटचं पत्र त्याच्या स्क्रीनवर नसतं. एकदा एका जरा सभ्य मुलानं मला सांगितलंही, "सर, तुमचं खरं असेल, पण माझ्या शीटवर तुमचं नाव आहे. मला ते काढता येत नाही."

म्हणजे तो मुलगा फोनवर पटून गप्प बसला, तरी उद्या दुसरा मुलगा फोन करणार. एजंटशी वाद घालून शीटवरचं नाव निघत नाही. नाव कंपनीच्या मूळ नोंदीतून निघावं लागतं. हे मला कळायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत व्हायचं ते होऊन गेलं.

दिवसाला पंधरा-वीस फोन. मीटिंगमध्ये, जुम्म्याच्या नमाजच्या वेळी, रात्री दहाला. एकानं माझं नाव वाचून मुद्दाम लांबवून उच्चारलं आणि म्हणाला, "पोलीस स्टेशनला गेलं की तुमच्या लोकांचं काय होतं, माहितीये ना?" मला राग यायला हवा होता. मला भीती वाटली. त्या वाक्याची भीती आपल्यातल्या मुलांना कशी वाटते, ते मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

मग फोन बहिणीकडे गेला. लोनच्या फॉर्ममध्ये दोन संदर्भ द्यायचे असतात. मी एक ऑफिसातला मित्र आणि एक बहीण दिली होती. बहीण बार्शीला सासरी. फोन तिच्या सासऱ्यांनी उचलला. त्यांना सांगितलं गेलं, "तुमच्या सुनेच्या भावानं फ्रॉड केलाय."

रात्री तिचा फोन आला. रडली नाही. म्हणाली, "भाई, माझ्या लग्नाचे पैसे होते ते?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर दावत लहान केली असती." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. कर्जापायी मी जे जे ऐकलं, त्यात हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

ती रात्र वाईट गेली. किती वाईट, ते इथे नको. या छळापायी लोकांनी जीव दिलेत, बातम्या तुम्हीही वाचल्यात. म्हणून एक नंबर आत्ताच लिहून घ्या: १४४१६. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मन त्या कडेला गेलं तर आधी हा फोन, किंवा जवळच्या कोणाला तरी हाक. कर्जाचं नंतर पाहता येतं.

शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला गेलो. अब्बांना सगळं सांगितलं. सूद, ॲडव्हान्सचं खोटं, सेटलमेंट, बहिणीकडे गेलेला फोन. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पैसे भरलेस?" म्हटलं, भरले. "कागद आहे?"

मी गप्प.

ते उठले आणि दुकानाची जुनी वही घेऊन आले. उधारीची वही. पंक्चर, ट्यूब, टायर, कोणाचे वीस, कोणाचे दीडशे. पैसे फेडले की अब्बा त्या नोंदीवर दोन आडव्या रेषा मारायचे आणि गिऱ्हाइकाची तिथेच सही घ्यायचे. लहानपणी मला ते हास्यास्पद वाटायचं. ते म्हणाले, "सही माझ्यासाठी नव्हती. उद्या मी मेलो आणि तू वही उघडलीस, तर तू त्या माणसाच्या दारात जाऊ नयेस म्हणून होती." कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीच्या लिखापढीबद्दल आहे, हे त्यांनीच मला मदरशाच्या वयात सांगितलं होतं. सुदाबद्दल त्या रात्री ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "तुझं नाव त्यांच्या वहीत अजून खोडलेलं नाही. जा आणि खोडून घे."

तर आता ते नाव कसं खोडून घेतलं, ते क्रमानं सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं काम, कागद गोळा करणं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दोन्ही एनईएफटी होते, यूटीआर नंबरसकट. सेटलमेंटचं पत्र मात्र नव्हतं. दोन दिवस शोधलं. मग आठवलं, प्रिंट काढायला मी ते गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या मेलवर पाठवलं होतं. सेंट बॉक्समध्ये सापडलं. ज्यांच्याकडे काहीच नसेल त्यांनीही घाबरू नका. बँकेकडून जुनं स्टेटमेंट मिळतं आणि कंपनीकडे खात्याचा उतारा लेखी मागता येतो.

दुसरं, फोनवर काय बोलायचं. मी एका कागदावर चार प्रश्न लिहून ठेवले. तुमचं पूर्ण नाव काय? एजन्सीचं नाव काय? कोणत्या कंपनीच्या वतीनं बोलताय? तिचं अधिकारपत्र मला मेलवर पाठवता का? त्यापुढे एकच वाक्य: "हे कर्ज सेटल झालंय, पत्र आणि पावत्या कंपनीकडे पाठवतोय, यापुढे लेखी बोला." आणि फोन बंद. शिवी नाही, सफाई नाही, विनवणी नाही. प्रत्येक फोनची नोंद ठेवली: तारीख, वेळ, नंबर, काय म्हणाला. धमकीचे मेसेज डिलीट केले नाहीत, स्क्रीनशॉट घेतले.

ही नोंद कामाला येते, कारण नियम आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं बँकांना आणि वित्त कंपन्यांना बजावलंय: थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, सतत फोन करून भंडावणं नाही, खोटी माहिती देणं नाही. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, संदर्भ म्हणून दिलेल्या माणसांना त्रास देणं किंवा चारचौघांत बेअब्रू करणं नाही. आणि एजंटनं काही केलं तर जबाबदारी कंपनीची. "एजन्सी आमची नाही" म्हणून तिला हात झटकता येत नाहीत. आपल्या आया-बहिणींची मायक्रोफायनान्सची कर्जं असतात, त्यांच्यासाठी वेळ आणखी कमी आहे: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. हे घरी जाऊन सांगा.

तिसरं, कंपनीला लेखी तक्रार. कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल असतो, त्यावर लिहा. माझा मेल दहा ओळींचा होता. खाते क्रमांक, सेटलमेंट पत्राची तारीख, दोन भरण्यांच्या तारखा आणि यूटीआर. मग चार मागण्या: सोडलेली रक्कम खात्यातून काढा, नो ड्यूज सर्टिफिकेट द्या, एजन्सीकडून माझं नाव परत घ्या, क्रेडिट ब्युरोकडची नोंद दुरुस्त करा. सोबत फोनांची यादी. मी आधी तीन पानांचं पत्र लिहिलं होतं, त्यात माझी सगळी कहाणी होती. मित्रानं वाचून म्हटलं, "बग रिपोर्ट लिहितोस तसं लिही." त्याचं बरोबर होतं.

चौथं, क्रेडिट रिपोर्ट. आपल्याकडे चार कंपन्या हे काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी आयुष्यात पहिल्यांदा माझा रिपोर्ट उघडला. तिथे माझ्या नावापुढे "रिटन ऑफ" आणि बाकी १ लाख ९७ हजार. दीड वर्ष ते तिथे होतं. सेटलमेंटनंतर दोन-तीन महिन्यांनी मी एकदा पाहिलं असतं तर ऑगस्टमधला तो फोन कदाचित आलाच नसता. रिपोर्ट चुकीचा असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते. आता तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. माझ्या वेळी तो लागू झालेला नव्हता, तो एप्रिल २०२४ पासून आहे.

पाचवं, पोलीस. इथे माझे पाय जड झाले होते. "तुमच्या लोकांचं काय होतं" हे कानात होतं. अब्बा म्हणाले, "मी येतो." ते पुण्याला आले, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर चौकीत बसले. हवालदार म्हणाले, "कर्जाचं आहे ना, ते सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, साहेब, कर्जाबद्दल तक्रार नाहीच. घरी माणसं पाठवायची धमकी आणि बहिणीच्या सासरी केलेली बदनामी, त्याबद्दल आहे. त्यांनी मेसेज वाचले. अर्ज घेतला, अदखलपात्र नोंद केली, पोच दिली. चहासुद्धा विचारला. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या दाराची भीती मला फोनवरचा एक मुलगा घालत होता, ते दार मी आतून पाहून आलो. आता नवा कायदा आहे, भारतीय न्याय संहिता. त्यात धमकीसाठी कलम ३५१ आहे, खंडणीसाठी ३०८. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. फोटो बिघडवून पाठवणं, ऑनलाइन बदनामी, असं काही असेल तर १९३० किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर लगेच तक्रार करा.

सहावं, लोकपाल. कंपनीला तक्रार करून तीस दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मला एकतिसाव्या दिवशी "आपली तक्रार महत्त्वाची आहे" एवढाच मेल आला होता. मी रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही. इंटरनेट जमत नसेल तर १४४४८ वर विचारता येतं. बँका आणि ठरावीक मोठ्या वित्त कंपन्या या योजनेत येतात. एक अट विसरू नका: आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. तक्रारीचा मेल नसेल तर हे दार उघडत नाही.

तक्रार ऑक्टोबरमध्ये केली. नोव्हेंबरात फोन बंद झाले. जानेवारी २०२४ मध्ये नो ड्यूज सर्टिफिकेट आलं आणि रिपोर्टवरची बाकी शून्य झाली. कंपनीच्या पत्रात एक ओळ होती: सवलतीच्या रकमेची नोंद सिस्टीममध्ये प्रलंबित राहिली होती. माफीचा शब्द नव्हता. भरपाई मिळाली नाही. मागायला हवी होती, मी मागितली नाही. तुम्ही मागा, लोकपालाला मानसिक त्रासासाठीही भरपाई देण्याचा अधिकार आहे.

हा विजय म्हणून सांगत नाही. माझ्या रिपोर्टवर आजही "सेटल्ड" लिहिलेलं आहे. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे "क्लोज्ड" येतं, तडजोड केलेल्यापुढे "सेटल्ड". बँका त्याचा अर्थ लावतात की या माणसानं पूर्ण पैसे दिले नव्हते. आणि ते खरंच आहे. गेल्या वर्षी एका बँकेनं मला घरासाठी नाही म्हटलं. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी पूर्ण फेडा, थोडा वेळ मागून फेडा. तडजोड हा शेवटचा मार्ग ठेवा.

आणि करायचीच वेळ आली तर हे लक्षात ठेवा. पैसे भरायच्या आधी कंपनीच्या अधिकृत मेलवरून पत्र घ्या, एजंटच्या व्हॉट्सॲपवरून आलेलं पुरेसं नाही. त्यात रक्कम, तारखा आणि "उरलेली रक्कम सोडून दिली" हे स्पष्ट हवं. पैसे फक्त लोन खात्यात, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. नंतर नो ड्यूज हातात येईपर्यंत दर आठवड्याला मेल. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट. सगळे कागद दोन ठिकाणी. आणि जुन्या कर्जाच्या नावानं कोणी म्हणालं, "फक्त पाच हजार टाका, फाइल बंद करतो," तर एक रुपया देऊ नका. फोन करणारा कंपनीचा असेलच असं नाही. फुटलेल्या डेटावर धंदा करणारे भामटेही आहेत. कधी कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलेलंही असतं, तेव्हा त्या कंपनीकडे हस्तांतराचा कागद मागा आणि तुमचं सेटलमेंटचं पत्र तिलाही पाठवा. लोन ॲप कॉन्टॅक्ट्स किंवा फोटो पाहायची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबा. नियमानं त्यांना ती मागता येत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीच नसलेला सावकारी ॲप असेल तर तिच्या सचेत पोर्टलवर तक्रार होते.

आता दोन गोष्टी, आणि मग मी बसतो.

इथे काही जण वसुलीच्या कॉल सेंटरमध्ये काम करत असतील. मघाशी चहाच्या वेळी एकानं मला हळूच सांगितलंही. तुमच्यावर माझा राग नाही, पगार आणि टार्गेट मला कळतं. पण समोरचा "सेटल झालंय" म्हणाला तर शीटवर तसा शेरा लिहा आणि वरिष्ठांना मेल टाका. वसुली एजंटांना प्रशिक्षण बंधनकारक आहे. ते तुम्हाला दिलं नसेल तर मागा, त्यात तुमचंही संरक्षण आहे. आणि कोणाच्या बहिणीला फोन करू नका.

दुसरी गोष्ट. वसुलीवाल्याला माझ्याबद्दल एकच गोष्ट नक्की माहीत होती: यानं घरी सांगितलेलं नसणार. म्हणून तर फोन बार्शीला गेला. आपल्याकडे सुदाचं कर्ज घेणं हा गुनाह, म्हणून घेतलं तरी कोणी बोलत नाही. फेडता आलं नाही तर त्याहून बोलत नाही. धर्माचं मला इथे काही सांगायचं नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण कर्ज लपवल्यानं ते हलाल झालं नाही. लपवल्यानं एवढंच झालं की माझ्या घरात शिरायला एका अनोळखी माणसाला वाट मिळाली. मी घरी सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात बहिणीकडे पुन्हा फोन आला. या वेळी तिच्या सासऱ्यांनीच तो घेतला आणि म्हणाले, "पोराचं कर्ज मिटलंय, कागद आम्ही पाहिलाय. तुझं नाव सांग, लिहून घेतो." पलीकडून फोन कट झाला.

नो ड्यूज सर्टिफिकेटची प्रिंट मी अब्बांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, इंग्रजी अडलं तिथे मला विचारलं. मग दुकानाच्या त्या वहीत घडी करून ठेवलं. म्हणाले, "आता खोडलं."

काही विचारायचं असेल तर विचारा. आणि सगळ्यांसमोर विचारणं अवघड वाटत असेल तर जेवणाच्या वेळी मी मागच्या बाकावर बसणार आहे, तिथे या. येताना कागद असतील ते घेऊन या. नसतील तरी या.